सुनंदाताईंच्या नावाने आत कोण?

मंगळवार, संध्याकाळ

कसं सांगू कोणाला? दुपारी मी सांभाळते त्या दवाखान्याच्या नेटवर्कवर सुनंदाताईंच्या नावाने रुग्णांच्या फायली उघडू लागल्या. रेकॉर्ड विभागातल्या ताई दिवसभरात वीसेक फायली पाहतात. इथे मिनिटात शेकडो. आणि ताई तर माझ्यासमोर डबा खात होत्या!

"ताई, पासवर्ड कोणाले दिला का?"

"नाही वं. काहून?"

मी त्यांचं खातं बंद केलं, साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "झालं ना बंद? मग काहून घाबरून राहिली?"

ताई समोर, आणि त्यांच्या नावाने दुसरंच कोणी आत. किती दिवसांपासून?

पाच मिनिटांत फायली पुन्हा उघडू लागल्या. या वेळी नाव माझं होतं.

मी सर्व्हरची केबलच उपटली. आता घरी बसलेय, पण ज्यात माझा पासवर्ड साठवलाय तो स्वतःचा मोबाईल उचलायची हिंमत होत नाही.