उभ्या ठेवलेल्या बाटल्या

बा, गाडीवानचाचानं दारू चोरली नव्हती हे तुले ठाऊक होतं, अन् तरी तू सायबासमोर मान खाली घालून उभा राहिला. काल चाचा माह्या दारात आला म्हणून हे सारं पुन्हा वर आलं. आता पार वाकला आहे. पातूरहून अकोल्यापर्यंत कोणाच्या तरी गाडीत बसून आला. मी भाकर वाढली, तर खाता खाता म्हणतो, "बेटी, सायब के सामने एक तेरा बाप बोला मेरे वास्ते. वैसा सीधा आदमी अमरावती में दुसरा नाही था." "पिठलं वाढू का," एवढंच विचारलं.

कापसाले सोन्याचा भाव आला होता ते दिवस तुले आठवतात का? अमरावतीच्या रस्त्यानं गाड्यांमागं गाड्या, कडुलिंबाच्या फांद्यांवर कापूस अडकलेला, जशी काही झाडंच फुटली. कापूस घेणाऱ्या सायबाच्या बंगल्यावर तू कोठी सांभाळायचा, अन् मी दहा वर्षांची तुह्या मागं मागं. पेट्यांवरच्या खुणा लिहिता याव्या म्हणून तू मले अक्षरं शिकवली, तेवढीच माही शाळा. सायबाची लाल दारू मुंबईहून यायची. शेवटची वाट चाचाच्या गाडीत, भुशात आडव्या निजवलेल्या बाटल्या. तू कधी थेंब जिभेले लावला नाही. पण एकेक बूच अंगठ्यानं दाबून पाहायचा अन् बाटली माह्या नाकापुढं धरायचा, कारण तपकिरीनं तुहं नाक कामातून गेलं होतं. "सांग, बेस हाय का?" मी म्हणायची, बेस. घरी आली की माय चुलीजवळ येऊ देत नसे. "आली दारूची पारखीण. पहिले हातपाय धू." तू ओसरीवर बसून हसायचा. तसं हसणं या सासरच्या घरात मी कोणाचं ऐकलं नाही.

त्या साली आलेली बुचंच भुसभुशीत होती, हे मी मानते. पण तू काय केलं? आडव्या बाटल्या पाहून मुंबईवाल्यांच्या अकलेले हसला. "तेलाचा बुधला कोनी आडवा ठेवते का? सांडन ना." अन् साऱ्या बाटल्या फळीवर रांगेनं उभ्या केल्या, मायच्या लोणच्याच्या बरण्यांसारख्या. आपल्याकडे दुसरं कोणी असतं तरी हेच करतं. मग उन्हाळा लागला, झळा सुरू झाल्या, अन् आतून दारूचा ओलावा लागेना म्हणून बुचं वाळून आखडली. एक दाबलं तर आत पडलं, दुसऱ्याचे हातात तुकडे आले. तू कापसाचे बोळे वळले, मेणात बुडवले अन् ठोकून बसवले. मी म्हटलं, "बा, सायब रागावंन." तू म्हणाला, "आपला कापूस विलायतेले चालते, मंग त्याईच्या बाटलीले काहून नाई चालत?" मलेही ते पटलं. मी बोळे वळून देत होती, तू काहीतरी गुणगुणत होता, पायाखाली फरशी थंडगार. आजही मेणाचा वास आला की मी त्याच कोठीत असते.

मग सायबाकडे पाहुणे जेवायले आले. खानसाम्यानं गिलास भरले, तर दारू आंबट, अन् वर कापसाचे तंतू तरंगून राहिले. सायबानं तुले अन् चाचाले बोलावलं. मी दाराआड उभी. बोळे पाहून सायबानं ठरवूनच टाकलं की गाडीवानानं वाटेत दारू पिऊन पाणी भरलं. चाचा म्हणाला, "हुजूर, हमको हराम है. हाथ भी नाही लगाया." अन् त्यानं तुह्याकडे पाहिलं. तू म्हणाला, "बुचंच खराब होती, सायब." ते खोटं नव्हतं. पण बोळे कोणी घातले ते तू बोलला नाही. त्या दिवसापासून चाचाले कोणत्याच व्यापाऱ्यानं माल दिला नाही. साऱ्या वऱ्हाडात कापसाले गाडी मिळत नव्हती, अन् त्याची गाडी पातूरले रिकामी उभी. पुढं तूही पातूरच्या वाटेनं कधी गेला नाही. त्याच्या त्या एका नजरेले तू काय जवाब दिला, बा?

मले फिरवून बोलता येत नाही, म्हणून माहंही लिहून टाकते. त्या जेवणाच्या आधी एका बाटलीले वास आला होता, ओल्या पोत्यासारखा. तू विचारलं, बेस हाय का? मी म्हटलं, बेस. खराब म्हटलं असतं तर तू मले कोठीत नेणं सोडून दिलं असतं, अशी भीती वाटली. हे मी मायलेही सांगितलं नाही.

हा कागद कोणतं टपाल नेणार? लुगड्यांच्या घडीखाली ठेवते. पण चाचा वैशाखातली अकितीची तीज झाली की पुन्हा येतो म्हणाला. अकितीले मी पितरांची घागर भरते, तुह्या नावाचं पान वाढते. त्या दिवसापर्यंत मले सांग, तुहं नाव राखू का त्याचं? सपनात ये, कावळा धाड, कसंही सांग. नाही सांगितलं, तर तो यायच्या आधी मीच पातूरले जाते अन् तुहं अन् माहं दोन्ही सांगून टाकते.