दादाच्या वाटचं दूध

बुतिलिमित, ६ मार्च १९९४

ती. मबेरिकदादास सेल्काचा सलाम वि. वि.

साबणाची पेटी पोचली. शेळी व्याली, दोन्ही करडं तुझ्यासारखी हडकुळी आहेत.

आता खरं ते लिहिते. देद्दानं मला मागणी घातली आहे, दुसरी बायको म्हणून. हो, तोच, गोऱ्या मूरांच्या ज्या घरी आपली आजी गुलाम होती, त्या घरचा. चहा आणि साखरेची ढेप आली नि काका हरखून गेले. म्हणतात, आम्हा हरातीनांच्या, सुटलेल्या गुलामांच्या, काळ्या पोरीला याहून मोठा मान कुठला? वडील नाहीत, तेव्हा शब्द काकांचाच. शिवाय ते कसतात ती बांधाखालची जमीन देद्दाची. नुसतं नको म्हटलं तर जमीन जाईल. पण दादा, आजी ज्या घरात दळता दळता मेली, तिथे मी नांदायला जाणार नाही म्हणजे नाही. बकरीद झाली की निकाह म्हणतात. काहीतरी सुचव.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी सेल्का

नुआधिबू, २० मार्च १९९४

चि. सेल्कास अ. आ.

पत्र वाचलं आणि मासळीची टोपली तिथेच टाकून निघावंसं वाटलं. पण मी आलो तर हाणामारीच होईल.

लहानपणी मी जेवताना कुरकुर केली की आई काय म्हणायची, आठवतं? असाच हडकुळा राहशील, तुझ्या वाटचं दूध देद्दानं संपवलं. त्याची आई बाळंतपणात तापानं पडली, तेव्हा त्याच्या आजीनं, म्हणजे मालकिणीनं, आपल्या आईला तंबूत बोलावून घेतलं होतं. मी बाहेर रडत होतो म्हणे. अगं, मग तो आपला दूधभाऊ झाला! किताबात दूधभाऊ म्हणजे सख्खा भाऊच, त्याच्याशी तुझा निकाह हराम आहे. आईला घेऊन काजीकडे जा. काजी त्यांच्या जातीचा असला तरी किताब सगळ्यांचा आहे. काकांना बोलू नकोस, भ्यालेला माणूस आहे तो.

आईला सलाम. काळजी घे, लोभ वाढव.
मबेरिक

बुतिलिमित, २३ मे १९९४

ती. दादास सलाम वि. वि.

आई आधी तयारच होईना. गुलाम बाईचं दूध पाजलं याची त्या घराला लाज, म्हणून मालकिणीनं तिला गप्प राहायची शपथ घातली होती. मी विचारलं, पण तुला कसली लाज? तशी उठली, ओढणी सारखी केली आणि माझ्याही पुढे चालू लागली.

काजीनं साक्ष मागितली. देद्दाची म्हातारी आत्या अल्लाचं नाव घेऊन हो म्हणाली. काजीनं सांगितलं, एक घोटही पुरतो. मग आपल्या आईकडे बोट करून म्हणाला, मबारका याची आई, सेल्का बहीण. देद्दा पडेल आवाजात म्हणाला, ठीक, विषय इथेच मिटवू. आई म्हणाली, मिटवायचा कसा? आई ठरले ना, मग ईदेला लेकासारखा सलाम करायला ये, चारचौघांत.

आला, दादा! नमाजानंतर सगळ्या तळासमोर आईच्या हाताखाली त्यानं डोकं वाकवलं. आईनं सावकाश दुवा दिली, मग मोठ्यानं विचारलं, तुझ्या काकाची जमीन तू काढून घेणार नाहीस ना रे? नाही म्हणाला बिचारा. आपल्या काकांच्या हातून चहाच सांडला. मी मात्र खूप रडले, आनंदानं.

ये लवकर, माया पातळ करू नकोस.
तुझी सेल्का

ता. क. आईनं मुद्दाम लिहायला सांगितलंय: तुझ्या वाटचं दूध वाया गेलं नाही. ते तुझ्या बहिणीच्या कामी आलं.