परुळ्याची सावित्री

सावंतवाडी,
१२ जानेवारी २०२५

ती. आनंदीकाकीस,
अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचे मशीन घालायचे तू मनावर घेत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे, चष्मा शोधत बसू नकोस.

विज्ञान दिनाला आमच्या कॉलेजात एक प्रदर्शन करतो आहोत. ज्या बायकांनी संशोधन केले पण ज्यांची नावे कुणाला माहीत नाहीत, अशांबद्दल. मुली उत्साहाने दिल्ली, कलकत्त्याची माहिती काढताहेत. मी म्हटले, आपल्या किनाऱ्यावरची एक तरी हवी. तशी एक मिळाली आहे असे वाटते. कर्लीच्या खाडीतल्या शिंपल्यांवर, आपल्या तिसऱ्यांवर, एका प्राध्यापकांचे जुने पुस्तक आहे. ते आम्ही आजही वापरतो. तिसऱ्या अंडी केव्हा सोडतात ते त्यात सांगितले आहे. परवा प्रस्तावना पहिल्यांदाच नीट वाचली. शेवटच्या ओळीत आभार आहेत: “कु. सावित्री परुळेकर, खाडीवरील निरीक्षणांतील आनंदी सहकार्याबद्दल.” बस, एवढेच. पुस्तकभर ती पुन्हा कुठे नाही. पण सर मुंबईला शिकवत होते. वर्षभर दर महिन्याला खाडीत कोण उतरले असेल?

परुळेकर म्हणजे तुझ्या माहेरच्यांपैकीच कुणी असणार. तुझी चुलतबहीण वगैरे? ती हयात आहे का, तिला कुठे दिली, एवढे कळव. भाईंच्या गुडघ्याला तेल चोळतेस ना? भाईंना नमस्कार.

लोभ आहे तो माझ्या हट्टांसकट असू दे.
अनुजा


तोंडवली,
१९ जानेवारी २०२५

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. आधी भाईंनी वाचले. या घरात आलेले पाकीट तेच फोडतात, तुला ठाऊक आहे. वाचून मला म्हणाले, ही खंयची सावित्री? मी आंबोळ्या काढत होते. म्हटले, तवा तापलाय, मागाहून सांगते.

तर ऐक. सावित्री परुळेकर हयात आहे. तिला तोंडवलीस दिली. गुडघ्याला तेल चोळणे चालू आहे. ती मीच.

तुला ठाऊक नसणार, कारण तू जन्मलीस तेव्हा मी आनंदी होऊन चुकले होते. आमच्या वेळी नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरत आणि नवऱ्याने त्यात अंगठीने तिचे नवे नाव लिहायचे. भाई माझ्या समोर बसले होते, त्यामुळे मला ते उलटे दिसत होते. वाचायला जरा वेळ लागला. तोवर तुझ्या आईने ते मोठ्याने वाचले आणि पेढे वाटायला सुरुवात झाली.

एम.एस्सी.च्या वेळी सरांनी विषय दिला होता. परुळ्याला राहून मी दर महिन्याच्या ओहोटीला खाडीत जायची. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांबरोबर मांडीभर पाण्यात. पाण्याची बाटली भरून खारटपणा मोजायचा, तिसऱ्या उघडायच्या, आतला कण काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. बाकीचे मांस आईच्या पातेल्यात. घरचे इतके विटले की बाबा म्हणायचे, या मुलीचे संशोधन आटपू दे, आम्हाला बांगडा खायचा आहे. पाऊस सरून खाडीचे पाणी पुन्हा खारट होऊ लागले की त्या अंडी सोडतात, हे मला दिसले. सरांना आधी पटले नव्हते. मग ते स्वतः येऊन बघून गेले.

सरांनी लबाडी केली असे समजू नकोस. लेख दोघांच्या नावाने छापायचा होता. त्यांनी इकडे पत्र घातले, कु. सावित्री परुळेकर अशा नावाने. मी पहिल्या सणाला माहेरी गेले होते. पोस्टमनने दारात विचारले. सासूबाईंनी सांगितले, अशी कोण नाय हंय. खोटे नव्हते ते. पत्र परत गेले. सरांना वाटले, मुलीने लग्न करून विषय सोडला. मला हे भावाकडून कळले, तोवर पुस्तक छापून झाले होते आणि जितेंद्र पोटात होता.

भाईंना मी दुपारी सांगितले. आधी हसले, म्हणाले, पत्रिकेवरचे ते नाव पार विसरलो होतो. मग संध्याकाळपर्यंत माडांना पाणी घालत राहिले.

तुझी माया आहे तशी असू दे.
आनंदीकाकी


सावंतवाडी,
२४ जानेवारी २०२५

ती. काकीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र स्टाफरूममध्ये वाचले आणि तिथेच बसून राहिले. लहानपणी परसात तू तिसरी उघडून मला तिचा पाय आणि कल्ले दाखवायचीस. मला वाटायचे, स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या बायकांना हे येत असेल. प्राणिशास्त्र मी घेतले ते तुझ्यामुळे, आणि तू काय शिकलीस हे मी एकदाही विचारले नाही.

फलकाचा मजकूर लिहिला आहे, सोबत ठेवते. वर मोठ्या अक्षरात सावित्री परुळेकर. खाली तुझे काम. शेवटी एक वाक्य आहे: “सासरी नाव बदलल्यामुळे ही संशोधक विज्ञानाच्या इतिहासातून हरवली.” ते मुलींना कळायला हवे. छापखान्याला दहा तारखेपर्यंत द्यायचे आहे. अठ्ठावीसला तू आणि भाई दोघे या. जेवण माझ्याकडे, तिसऱ्या करणार नाही.

लोभाला बांध नसावा.
अनुजा


तोंडवली,
३१ जानेवारी २०२५

चि. अनुजास भाईकाकाचे आशीर्वाद.

मजकूर वाचला. शुद्धलेखन उत्तम. एक वाक्य मात्र माझ्या घशात अडकले आहे. सासरी नाव बदलल्यामुळे हरवली. वाचणारा विचारील, कोण हे सासरचे दुष्ट लोक? आई गेली. उरलो मी.

नाव माझ्या मनात महिनाभर होते. मुंबईला ऑफिसात फायलीच्या मागच्या बाजूला लिहून बघायचो, अक्षर चांगले यावे म्हणून. मुलीला बघायला गेलो तेव्हा ती हसली होती, म्हणून आनंदी. वाईट हेतू नव्हता. तेव्हा सगळेच करत.

माझे दुःख दुसरे आहे. उद्या लोक सावित्रीचा फलक बघतील, टाळ्या वाजवतील. मग पंचेचाळीस वर्षे या घरात जी वावरली ती कोण? माझ्या आईचे शेवटचे दुखणे जिने काढले, जितेंद्रला वाढवले, पर्यटकांना खोल्या देऊन हे घर उभे ठेवले, ती आनंदी. तिला कुणी ओळखायचे नाही का? गावात सावित्री म्हटले तर एक माणूस वळून बघणार नाही.

फलकावर सौ. आनंदी प्रभू असे घाल. तसे नसेल तर मी येणार नाही. रागाने लिहीत नाही. पण येणार नाही.

आमच्याविषयी मनात असेल ते असू दे, कमी करू नकोस.
भाई


सावंतवाडी,
४ फेब्रुवारी २०२५

ती. काकीस,
शि. सा. न. वि. वि.

भाईंचे पत्र आले. तू वाचलेस की नाही ठाऊक नाही, म्हणून त्याची प्रत सोबत आहे. दोन दिवस विचार करते आहे. त्यांचे काही चुकते असे ठाम म्हणता येत नाही. तुला त्रास होणार असेल तर मी आनंदी प्रभू घालीन, खाली बारीक अक्षरात माहेरचे नाव. तुझ्या घरात तुला राहायचे आहे, मी दूर बसून लढाई कशाला लावू? तू सांगशील तसे करते. फक्त दहा तारखेच्या आत कळव. आणि ते घरात शांततेने होऊ दे.

लोभ, आणि काळजीही, तशीच.
अनुजा


तोंडवली,
७ फेब्रुवारी २०२५

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

घरात शांतता आहे, नको इतकी आहे. भाई माझ्याशी मिठाच्या बरणीपुरते बोलतात. त्यांचे पत्र मला आवडले, त्यांना सांगितले नाही एवढेच. फायलीच्या मागे नाव गिरवायचे हे मला आजवर माहीत नव्हते.

मला आनंदी या नावाचा राग नाही. या नावाने मला हाक मारली की मी ओ देते, आणि मनापासून देते. पण अनुजा, ते काम आनंदीने केलेले नाही. आनंदीने तिसऱ्यांचे सुके केले. खाडीत उतरली ती सावित्री. बाटल्या भरल्या तिने, सरांशी वाद घातला तिने. आनंदीच्या नावावर ते घातले तर तिचे नाव दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी घालवणारी मी असेन. तेवढे मला करायचे नाही. भाई आले नाहीत तरी.

म्हणून सावित्री परुळेकर असेच छाप. सरांचेही नाव घाल. बघायला त्यांनीच शिकवले.

मात्र ते शेवटचे वाक्य काढ. भाईंसाठी नव्हे. मी हरवले नव्हते गो, इथेच होते. त्याऐवजी लिही: “लग्नानंतर तिचे नाव आनंदी झाले. ती तोंडवलीस राहते.” ज्याला समजायचे त्याला समजेल.

हे मी भाईंना वाचून दाखवले आहे. ते उठून गोठ्यात गेले. आमच्याकडे आता गाय नाही.

तुझी माया सांभाळून ठेव, मला लागणार आहे.
आनंदीकाकी


तोंडवली,
३ मार्च २०२५

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू पाहुण्यांच्या गडबडीत होतीस, तुला काही दिसले नाही, म्हणून लिहिते.

अठ्ठावीसच्या सकाळी मी एकटीच निघणार होते. भाड्याने सांगितलेली गुरुप्रसादची गाडी दारात आली तर भाई इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर बसलेले. मी मागे बसले. कसालपर्यंत ते गुरुप्रसादशी गाडीच्या टायरविषयी बोलत होते.

प्रदर्शनात इतर फलकांपाशी ते फार थांबले नाहीत. माझ्या फलकापाशी आले, वरून खालपर्यंत वाचले, पुन्हा वरून सुरुवात केली. तुझी विद्यार्थिनी दिव्या माहिती सांगायला उभी होती. तिला वाटले, आजोबांना यात रस आहे. तिने विचारले, तुम्ही यांना ओळखत होता का? मी मागेच होते, आणि त्या दिवशी मशीन कानात होते, त्यामुळे नीट ऐकू आले. भाई म्हणाले, “नाय गो बाय. माका तिका भेटूक गावला नाय.”

दिव्या बिचारी हळहळली. तिला वाटले असेल, भेट व्हायच्या आधीच ती बाई वारली.

परत येताना भाई मागे माझ्या शेजारी बसले. कुडाळ सोडले आणि त्यांनी विचारले की खाडीत उतरायचीस तेव्हा साडी नेसायचीस की काय. मग मी सांगत राहिले, ओहोटीचे, बाटल्यांचे, बाबांच्या बांगड्याचे. ओरोस गेले, कसाल गेले. मध्ये त्यांनी गुरुप्रसादला गाणी बंद करायला लावली. नर कुठला आणि मादी कुठली हे वरून कळते का, असे त्यांनी मालवण आल्यावर विचारले. मी म्हटले, नाही कळत. शिंपला उघडून पाहावे लागते.

लोभ असाच चालू दे.
आनंदीकाकी