इबूंचं जकार्तादर्शन

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. पहाटे पाच.
वेनिंगची आई, म्हणजे इबू, काल सोलोहून आल्या. रविवारी संध्याकाळी परत. जाण्याआधी आमच्या लग्नाला हो की नाही, ते सांगणार. प्लॅन तयार: मोनासचा मनोरा, खरेदी, जेवणं. उभा जन्म जकार्तात गेलाय माझा. मोबाईलवरचा नकाशा बघणार नाही.

सकाळी आठ.
आज सम तारीख. माझ्या गाडीचा नंबर विषम. मोठ्या रस्त्यावर सोडेनात. वेनिंग म्हणाली, हा नियम वर्षानुवर्षं आहे. असेल. माणसाने काय काय लक्षात ठेवायचं? घरी परत.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
बाजाराला माझ्या खास गल्लीबोळांतून नेलं. वीस मिनिटांचा रस्ता, अडीच तास. एका बोळात भर रस्त्यात लग्नाचा मांडव! नवरीचा काका म्हणाला, गाडी काही मांडवातून जायची नाही, आलाच आहात तर जेवून जा. मी मानी माणूस. रिव्हर्स घेतला. इबू मात्र वळून वळून बघत होत्या.

इबूंसाठी भारीतलं बाटिक काढायला लावलं. दुकानदार म्हणाला, खास सोलोचा माल आहे, इबू. इबू म्हणाल्या, हो, आमच्या गल्लीतच करतात. खूश दिसल्या. वेनिंगने माझ्या पायावर पाय दिला.

जेवायचं विचारलं तर इबू म्हणाल्या, पोट भरलंय. म्हणून एकट्यापुरतं मागवलं. मटणाचं सूप झकास होतं. नंतर वेनिंग फणकारली, गितो, सोलोच्या माणसाला तीनदा आग्रह करावा लागतो, एवढंही कळत नाही तुला? मग आधी खोटं बोलायचंच कशाला?

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेआठ.
मोनासला निघालो. सुट्टीला सम-विषम नसतं, हे या वेळी विचारून घेतलं. मोठा रस्ता दहापर्यंत गाड्यांना बंद. दर रविवारी असतो म्हणे. अख्खं जकार्ता रस्त्यावर व्यायाम करतंय आणि मी स्टिअरिंग धरून बसलोय. वैताग! पाय मोकळे करून येते म्हणत इबू उतरल्या.

अकरा.
इबूंचा पत्ता नाही. वेनिंग रडकुंडीला. तिला धीर दिला, बाहेरगावची बाई माझ्याशिवाय जाणार कुठे?

दुपारी तीन.
इबू आल्या. भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे बसून. मनोऱ्यावर जाऊन आल्या, बाजार केला. मोटारसायकलवाल्याने म्हणे आग्रहाने दोन वाट्या सोतो सूप प्यायला लावलं. हसत होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी सहा.
स्टेशनवर पोहोचवलं. लग्नाचं इबू काही बोलल्याच नाहीत. डब्यात चढताना वेनिंगला एवढंच म्हणाल्या, तो मोटारसायकलवाला अजून बिनलग्नाचा आहे. वेनिंगच्या धाकट्या बहिणीसाठी बघत असतील. तिला बहीण आहे, हे मात्र ती मला कधी बोलली नव्हती.