समोरच्या खोलीतला बैल

२ ऑगस्ट
इंजिन घरात आलं. समोरच्या खोलीत. माझ्या खोलीत!

संजय दारव्हा लाइनवर सवारीची जीप चालवायचा. (तोंडाने 'अहो', वहीत संजय. इथे कोण ऐकतंय?) गेल्या महिन्यात ती जीप पुलावरून नाल्यात गेली. रिकामी होती, याने वेळेवर उडी मारली, खरचटण्यावर निभावलं. सांगाडा भंगारात गेला. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाऊ दिलं नाही. 'जीव शाबूत आहे त्याचा,' म्हणाले.

आज ट्रॅक्टरवरून आणलं. उचललं चौघांनी, ओरडले दहा जण, चहा वीस जणांचा झाला. बाहेर पाऊस, म्हणून खोलीत ठेवलं. 'दोन दिवसांसाठी.' या घरातले दोन दिवस मला ठाऊक आहेत. माझा दीर बादल दोन दिवसांसाठी पुण्याहून आला होता. लॉकडाऊनमध्ये.

४ ऑगस्ट
बचत गटाच्या सहयोगिनीबाई येऊन गेल्या. गटाला पिठाची गिरणी मिळणार! ज्या बाईकडे वेगळी खोली असेल तिच्याकडे बसवायची आणि तिनेच चालवायची. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. आमच्या तांड्यावर गिरणी नाही. शेजारच्या गावातली लाइन असली तर चालते, नाहीतर दळणाचे डबे तिथेच मुक्कामाला.

महिनाअखेरीस बाई खोली बघायला येणार. रिकामी नसली तर गिरणी गटातल्याच रामीबाईकडे. तिच्याकडे खोलीही आहे आणि नवरा घरी नसतो – दोन्ही सोयी.

मला ही गिरणी हवी आहे. या घरात माझ्या हातचं खूप आहे, माझं म्हणावं असं काही नाही. लिहून ठेवते. बोलून दाखवलं तर हसतील.

६ ऑगस्ट
इंजिनाचं काय करायचं यावर बैठक झाली. इंजिनाभोवतीच, खुर्च्या टाकून.

संजय म्हणाला विहिरीवर पंप बसवू. विहीर दोन वर्षं कोरडी आहे हे कोणी बोललं नाही. बादल म्हणाला डीजेसाठी जनरेटर करू. डीजे कुठे आहे? 'तो मंग घेऊ.' तांड्याचे नायक देवसिंग म्हणाले फाट्यावर चौथरा बांधू, वर हे ठेवू, भगवा रंग देऊ. लोक फोटो काढतील. यावर मात्र बराच वेळ गंभीर चर्चा झाली. रंग भगवा की पांढरा?

चहा देता देता मी म्हटलं, 'इकून टाकलं तं?'

सगळ्यांनी कप खाली ठेवले. मी जणू कोणाच्या मयतीची बातमी सांगितली.

मामाजी म्हणाले, 'उज्ज्वला, आपले बापजादे लदेणीवाले. बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. ज्यानं ओझं वाह्यलं तो बैल म्हातारा झाला म्हणून खाटकाले देल्ला का कधी? या इंजिनानं आपल्या घराचं ओझं वाह्यलं. इकाचं नाव काढू नको.'

ठराव: पुढच्या बैठकीत ठरवायचं.

७ ऑगस्ट
चहापत्ती संपली.

१० ऑगस्ट
दारव्ह्याहून मिस्त्री आला. खोलीतच चालू करून दाखवलं! धाडधाड आवाज, काळा धूर, वाळत घातलेल्या चादरीचं पोतेरं. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाला, 'एक नंबर चालून राह्यलं. कायले बी लावा.' मग सगळे पुन्हा खुर्च्या टाकून बसले आणि कायले लावायचं ते कोणालाच सुचलं नाही.

१३ ऑगस्ट
गुपचूप लोहाऱ्याच्या भंगारवाल्याला फोन केला. आज तो आला. मामाजींनी त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि लदेणीच्या बैलाची गोष्ट सांगितली. पूर्ण. तो डोळे पुसत उठला, इंजिनाला हात लावून नमस्कार केला आणि रिकाम्या टेम्पोने निघून गेला.

भंगारवाला रडतो! मी कोणाकडे पाहायचं?

१४ ऑगस्ट
सासूबाईंनी विचारलं, 'त्याले कोनं बोलावलतं वं?' मी म्हटलं, 'रस्ता चुकला असन.' सासूबाई हसल्या. पण मामाजींना काही बोलल्या नाहीत. त्यांनाही भाकरीचं पीठ लागतंच की.

१९ ऑगस्ट
तीन दिवसांवर पोळा. आमच्याकडे बैल नाहीत. मामाजी सकाळपासून खोलीत इंजिनासमोर बसून आहेत. लक्षण ठीक नाही.

२१ ऑगस्ट
लक्षण खरं ठरलं. इंजिन पोळ्यात नेणार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि तुपाने शेकतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून. आज आमच्याकडे वाद – इंजिनाचा खांदा कोणता? संजय म्हणाला वरचा भाग. बादल म्हणाला ओझं गिअरबॉक्सवर येतं, खांदा तोच. मोबाइलवर शोधूनही पाहिलं. शेवटी दोन्हीकडे तूप चोळलं. माझं घरचं तूप!

बारा वर्षं मी या घरात पाण्याच्या गुंड्या वाहते, सरपण वाहते, कापसाची गाठोडी वाहते. माझा खांदा कोणी शेकला नाही. राग आला. खरंच आला. वाटी आपटली तर सासूबाई म्हणाल्या, 'हळू. सणवार आहे.'

२२ ऑगस्ट, पोळा
पुरणाच्या पोळ्या केल्या. पहिली इंजिनाला.

भाड्याच्या बंडीवर चढवलं, वर झूल टाकली, पंख्याला बाशिंग बांधलं. पोळा भरतो तिथे हसू फुटलं. नायक देवसिंग म्हणाले, 'शंकरसिंग, मान बैलाचा असते. लोखंडाचा नाई.' मामाजी म्हणाले, 'मंग मोजा बैल.' मोजले. साऱ्या तांड्यात मोजून पाच जोड्या! नायकांच्या स्वतःच्या दारात ट्रॅक्टर. त्यांनी आमची बंडी शेवटी उभी करू दिली.

परत येताना सासूबाई हळूच म्हणाल्या, 'तू सून होऊन याच्या पयले त्याईनं सर्जा-राजाची जोडी इकून जीप घेतली होती. संजयले धंदा पाह्यजे म्हणून. तवापासून पोळ्याले घराबाहेर निंगत नव्हते.' मला हे माहीत नव्हतं. मामाजी झूल घडी करत होते, एकेक घडी दाबून. वाईट वाटलं. आता कोणत्या तोंडाने हलवा म्हणू?

पण खोली मला हवीच आहे. वाईट वाटूनही हवीच आहे.

२३ ऑगस्ट
जमलं!

पोळ्याला नणंद पुष्पाताई ढाणकीहून आल्या होत्या, नवऱ्याच्या पिकअपमधून. सकाळी जेवताना मी अगदी साधेपणाने विचारलं, 'मामाजी, बैल इकत नाई हे खरं. पण लेकीले देते ना?'

मामाजींचा घास हातातच राहिला. मग चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. 'देते. लेकीले बैल देल्ला का तो घरातच राह्यला.'

पुष्पाताई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, 'वैनी, हे लोढणं माह्याच गळ्यात काहून?' मी त्यांच्या डब्यात सात पोळ्या जास्त घातल्या. जावईबापूंना नकार देता येईना, सासऱ्याच्या हातून मिळत होतं. तिथल्या तिथे बंडीवरून पिकअपमध्ये सरकवलं. मामाजींनी दोन्ही खांद्यांवर हात फिरवला.

पिकअप वळणाआड गेली तोवर मी पदरात तोंड खुपसून उभी होते. सगळ्यांना वाटलं रडतेय.

२५ ऑगस्ट
खोली धुतली. तेलाचे डाग राखेने घासून काढले. चुना मारला. दारात रांगोळी. गिरणी कुठे, डबे कुठे, मी कुठे बसणार – सगळं ठरलं.

२९ ऑगस्ट
सहयोगिनीबाई आल्या. खोली पाहून खूश. 'गिरणी तुमचीच,' म्हणाल्या. मग वर वायरीकडे पाहिलं. 'पण तुमच्या तांड्यावर थ्री फेज रातचीच येते ना वं? मोटारीवर नाई चालनार. डिझेलवर चालवा लागन. नवं कायले घेता, एखाद्या जीपचं जुनं इंजिन पाहा. गिअरबॉक्ससकट भेटलं तं अजून बरं.'

मामाजी बाजेवर बसून ऐकत होते. माझ्याकडे पाहत राहिले. मी चहा ठेवायला आत गेले.