हालचाल शून्य टक्के

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं सगळं आयुष्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेलं, म्हणून तुलाच विचारतो. मूल होत नाही म्हणून चार वर्षं हिच्याच तपासण्या चालल्यात, दोष काही सापडत नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई हटून बसल्या, तेव्हा मीही बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना दिला. शुक्राणू भरपूर, हालचाल शून्य टक्के. पुन्हा तपासलं, तेच. तलावावर आजवर शेकडो पोरांना पोहायला शिकवलं, आणि माझेच पोहत नाहीत! हसू नकोस.

हिला आणि डॉक्टरीणबाईंना मी सगळं ठीक असल्याचं तोंडी सांगून टाकलं. कागद कपाटात स्वेटरखाली आहे. आता वीस तारखेला हिच्या पोटात दुर्बीण घालून नळ्या बघणार आहेत. काय करू?

रागाव, पण उत्तर धाड.
तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

हसले नाही. शुक्राणूला वाट दिसत नाही. शेपटी वळवळत तो समोरून येणाऱ्या प्रवाहाच्या उलट चढतो, भिंतीच्या कडेकडेने जातो, आतली किंचित जास्त ऊब त्याला ओढते. शेवटी स्त्रीबीजाभोवतून झिरपणाऱ्या द्रव्याचा तो माग काढतो. कोट्यवधी निघतात, जवळ पोचतात ते जेमतेम शेकड्यात. तुझे निघतच नाहीत. बहुधा शेपटीच्या आतली रचनाच बिघडलेली असावी. त्यात तुझा काही गुन्हा नाही.

न हलणारा मेलेलाच असतो असंही नाही. पातळ द्रावात ठेवला की जिवंत असलेल्याची शेपटी मुडपते. तसा एक निवडून सुईने थेट बीजात सोडता येतो. यश येईलच असं मात्र नाही.

गुन्हा आहे तो स्वेटरखाली. जिच्यात दोष नाही तिला तू टेबलावर झोपवतोयस. वीस तारखेच्या आत तूच सांग. मी सांगणार नाही. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

तब्येतीला जप. जीव तुझ्यावर आहेच, म्हणून इतकं लिहिलं.
ताई

२ मार्च

ती. ताईंना,
सा. न.

एकोणीस तारखेला संध्याकाळी मी दवाखान्याची पिशवी भरत होते. तुमच्या भावाने रिपोर्ट आणि तुमचं पत्र, दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवलं. मी दोन्ही वाचलं, दवाखान्यात फोन करून शस्त्रक्रिया रद्द केली आणि पिशवी रिकामी केली. रडले ते रिपोर्टासाठी नव्हे, महिनाभर हे लपवून हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवत होता यासाठी.

सहाव्या दिवशी त्याला म्हटलं, सुईचं काय ते मी ठरवीन, आणि उन्हाळ्यानंतर ठरवीन. तोवर माझ्या अंगाला कोणी टोचायचं नाही. तो कबूल झाला. मग आणखी एक सांगितलं: आईंना माझ्यातच खोट वाटते, ते तूच दुरुस्त कर.

काल दुपारी तो आईंसमोर बसला आणि दोष आपल्यात आहे, हिच्यात नाही, असं म्हणाला. आईंना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांनी काय म्हणून विचारलं. त्याला ते सगळं पुन्हा, चांगलंच मोठ्याने म्हणावं लागलं. शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी सताड उघडी होती. मी ती लावायला उठले नाही.

लोभ आता आपण दोघी थेट ठेवू.
तुमची भावजय