चंदेरी रंगाखालचा काळा

प्रिय ठमे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आधी कामावर, कवळीला पॉलिश करता करता वाचलं, मग घरी येऊन नीट बसून वाचलं. तुझ्या आईने एकदाच वाचलं आणि लगेच तुझ्या पलंगावरचे माझ्या पुस्तकांचे ढीग उचलायला घेतले. तिच्यापुरता विषय मिटला होता, पोरगी परत येतेय. मी म्हणालो, थांब जरा, मला तिला काही लिहायचंय. त्यावर ती म्हणाली की मी लिहायला बसलो की पोरगी आधी घरी पोचेल आणि पत्र नंतर. म्हणून आज रविवारची सकाळ त्यासाठी राखून ठेवली आहे.

तू लिहितेस की संग्रहालयासाठीच्या त्या मोठ्या मॉडेल विमानावरचा काळा थर तीनदा घासून काढावा लागला. तुमच्या मॉडेलच्या कारखान्याचे मुख्य काही बोलत नाहीत, याचाच तुला जास्त त्रास होतो. आणि शेवटी ते वाक्य: ‘बाबा, अठराव्या वर्षी जमलं ते एकविसाव्या वर्षी जमत नाही, हात गेला माझा.’ महिनाअखेर राजीनामा देणार, असंही लिहिलंस. मी आठवडाभर त्या वाक्याभोवती घुटमळतोय.

तू दहा वर्षांची असताना मी तुझ्या पहिल्या चंदेरी विमानाला काळा रंग मारला होता, आठवतं? तू भोकाड पसरलंस. बाबांनी विमान जाळलं, असं शेजारीपाजारी सांगून आलीस. मग तुला मांडीवर बसवून समजावलं की चंदेरी रंग भारी चहाडखोर असतो. खाली धुळीचा एक कण असू दे, पॉलिशपेपरचा एक ओरखडा असू दे, तो वर येऊन सगळ्यांना सांगतो. म्हणून आधी खालचा काळा आरशासारखा करायचा. एअरब्रश फार जवळ धरला तर रंग ओघळतो, फार लांब धरला तर हवेतच वाळून खरखरीत बसतो. चार बोटांचं अंतर, असं मी सांगितलं आणि तू तुझी चिमुकली चार बोटं लावून पाहिलीस. तुझ्या मोजणीने रंग ओघळला, माझ्या मोजणीने बसला. मी किती खूश झालो होतो, हे आज जरा लाजतच लिहितोय.

तू पाठवलेले रंगाच्या सरावाचे सहाही प्लॅस्टिकचे चमचे पोचले. तुझ्या आईचं म्हणणं, लोकांच्या मुली फोटो पाठवतात, हिने चमचे पाठवले, तेही काळे. मी ते खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिले. पहिले दोन ठीकठाक. तिसऱ्यात कडेला रंग साचलाय. चौथा आणि पाचवा बरे आहेत. सहाव्यात मला खिडकीचे सातही गज मोजता आले. मी उगाच कौतुक करणारा माणूस नाही, हे तुला ठाऊक आहे. सहावा चमचा माझ्या हातून झाला असता तर मी तो पुन्हा घासायला घेतला नसता.

आणि मी सगळंच पुन्हा घासायला घेतो. तुझी आई चादरीची घडी घालते, मी ती उलगडून परत घालतो. बावीस वर्षं लोकांच्या कवळ्या गुळगुळीत करून बोटांना हीच खोड लागलीय. मी रोज डायरी लिहितो आणि स्वतःला प्रामाणिक समजतो. काल तीन वर्षांपूर्वीची डायरी काढली. ज्या दिवशी तू परीक्षेला गेली होतीस, त्या पानावर एवढंच आहे: ‘ऊन चांगलं. दुपार कामात गेली.’ काम कोणतं, ते लिहिलेलं नाही. स्वतःच्या डायरीतसुद्धा नाही.

ते आता लिहितो. त्या दुपारी तुला पुढे बक्षीस मिळालं त्या विमानावर धूळ बसू नये म्हणून तू झाकलेला खोका मी उचलला. काळा वाळत होता. पाठीवर, शेपटीजवळ आणि उजव्या पंखावर तो खरखरीत बसला होता, तू जरा लांबून मारला होतास. मी तो भाग घासून पुन्हा काळा मारला आणि खोका होता तसा ठेवला. दोन दिवसांनी तू खोका उचललास, त्या काळ्यात दिवा लख्ख दिसला, तू आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलंस. मी तिथेच होतो आणि शाब्बास म्हणालो. मायेपोटी केलं असं लिहावंसं वाटतं, पण खरं कारण इतकंच की मला ते खरखरीत बघवलं नाही. पुढे त्याच विमानाचा फोटो पाहून तुला कारखान्यात बोलावलं, आणि मग तोंड उघडायला मी धजलो नाही. आता हे वाचून तुला ती नोकरीच आपली नाही असं वाटेल, ही भीती आहेच. पण तुमच्या मुख्यांनी आठ महिने तुझा हात पाहिलाय, फोटो नाही. तू तीन वर्षं स्वतःची तुलना माझ्या हाताशी करतेयस, आणि ते तुला माहीतच नव्हतं. काल आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला का सांगतोस? तिला सांग.” ठमे, डाव्या पंखाला मी हात लावला नव्हता. रंग मारताना मी तो टेप लावून झाकला होता, कारण तिथला तुझा काळा आधीच आरशासारखा होता, मला करण्यासारखं काहीच नव्हतं. विमान उद्या पार्सलने पाठवतोय. आधी पोटभर रागाव. मग दोन्ही पंख दिव्याखाली धर आणि बघ, कोणता कोणाचा ते ओळखता येतं का. त्यानंतरही यावंसं वाटलं तर खुशाल ये, पलंग रिकामा झालाय. फक्त हात गेला म्हणून येऊ नकोस.

तुझाच, तुझ्या रागाची वाट पाहणारा,
बाबा